जिन्याखालचं बूच

केबलच्या ऑफिसात त्याला सगळे पानामामा म्हणत. नाव भाचीने ठेवलेलं. मामाच्या मागच्या खिशात कायम पाना, म्हणून पानामामा. ती मोठी होऊन नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. नाव मात्र इथेच राहिलं आणि खांबावर चढणाऱ्यांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं.

पाना साधाच. त्याने तारेच्या टोकाचे कनेक्टर आवळायचे. आधी बोटांनी फिरवायचा, बोटं थांबली की पान्याने आणखी किंचित. कमी आवळला तर ढिला राहतो, जास्त आवळला तर आटे जातात. हे ‘किंचित’ सांगून कळत नाही असं त्याचं मत होतं. नव्या माणसाने विचारलं तर तो म्हणे, "आधी पुष्कळ बिघडव, मग विचार."

टीव्ही तो बघत नसे, टीव्हीवरचं चित्र बघे. बातम्यांत कोण काय बोलतंय हे त्याने आयुष्यात ऐकलं नसेल, पण बोलणाऱ्याच्या कपाळावर दाणे पडलेत हे त्याला दारातूनच कळे. कोणाच्याही घरी गेला तरी पाणी प्यायच्या आधी त्याचा हात टीव्हीमागे जाई. सासुरवाडीला पहिल्यांदा गेला तेव्हा सासरे हात पुढे करून उभे होते आणि जावयाचा हात टीव्हीमागे होता. बायको अजून ते काढते. तो म्हणतो, "ढिला होता."

अशी त्याची नोकरी सरळ चालली होती. मग बटणाचा टीव्ही आला.

कंट्रोल रूमच्या मॅडमनी सगळ्या लाइनवाल्यांना बोलावून समजावून सांगितलं. मॅडम वयाने भाचीएवढ्या, पण कामात पक्क्या. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा वेगळं सांगत नसत, त्यामुळे पानामामाचा त्यांच्यावर विश्वास होता.

"आजवर आपण फक्त खाली पाठवत होतो," त्या म्हणाल्या. "आपण बोलायचं, घरांनी ऐकायचं. आता घरंही बोलणार. टीव्हीवर प्रश्न येईल, लोक रिमोटचं बटण दाबतील, उत्तर आपल्यापर्यंत येईल."

"म्हणजे दुसरी तार ओढायची?" पानामामाने विचारलं. त्याच्या डोळ्यांपुढे गावभरचे खांब उभे राहिले.

"नाही. हीच तार. रस्ता एक, पट्टे दोन. रुंद पट्ट्यातून चित्रं खाली जातात. शेजारी एक अरुंद पट्टा मोकळा पडला होता, त्यातून उत्तरं वर येतील."

मग त्यांनी बॉक्सचं काम सांगितलं. प्रश्नाबरोबर एक छोटासा प्रोग्रॅमही घरोघर पाठवला जातो. तो एकदा पाठवून भागत नाही. विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्यासारखा तो सारखा फिरत ठेवतात, ज्याचा बॉक्स जेव्हा चालू होईल त्याने तेव्हा उचलून घ्यावा. बटण दाबलं की रिमोट बॉक्सला सांगतो. बॉक्स लगेच पडद्यावर ‘उत्तर घेतलं’ अशी अक्षरं काढतो आणि आपली पाळी आली की उत्तर वर पाठवतो.

"म्हणजे बॉक्स म्हणतो घेतलं, तेव्हा ते तुम्हाला मिळालेलं नसतं?"

"बॉक्सने घेतलेलं असतं. आम्हाला मिळेलच असं नाही."

पानामामाला ऑफिसचा स्टोअरकीपर आठवला. त्याला बॉक्सचा स्वभाव कळला.

"आता खरी अडचण ऐका," मॅडम म्हणाल्या. "खाली जाताना एकाचं सगळ्यांत वाटलं जातं. एका घरातला जोड ढिला असला तर त्या घराचं चित्र बिघडतं, शेजारी मजेत असतो. वर येताना उलटं. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या तारा एकीत मिळतात. एका घरातून खरखर आत शिरली की ती सगळ्या गल्लीच्या उत्तरांवर बसते. एक माणूस ओरडत असला की बाकीच्यांचं काही ऐकू येत नाही, तसं."

आणि त्यांनी प्रत्येकाच्या हातावर मूठभर पितळी नळ्या ठेवल्या. बोटाच्या पेराएवढी नळी, दोन्ही बाजूंना आटे. तारेत बसवली की खाली जाणारं सगळं जाऊ देते, वर येणारं अडवते. ज्या घराने बटणाचा बॉक्स घेतलेला नाही त्याला ही बसवायची, म्हणजे तिथली खरखर तिथेच राहते. कागदावर तिचं नाव फिल्टर होतं. लाइनवाल्यांनी पहिल्याच दिवशी तिचं बूच करून टाकलं.

बूच आल्यापासून कामाची रीत बदलली. आधी खरखर आली की लोक जोड शोधत. आता गल्लीतलं जे घर ओरडतंय त्याला बूच मारून मोकळे होत. पानामामाला हे पटत नसे. दुखतंय कुठे ते न बघता तोंडात बोळा कोंबण्यासारखं आहे, असं तो म्हणे. घरात बॉक्स नसला तरी तो आधी जोड शोधी, आवळी, आणि मग ‘साहेबांचा हुकूम म्हणून’ बूच बसवी. जोड न शोधता त्याने एकच बूच बसवलं, तेही सख्ख्या बहिणीच्या घरी.

त्याला कारण होते दाजी.

दाजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, यंत्रांच्या कारखान्यात फोरमन होते. लेथवरून उतरलेला प्रत्येक नग हातात घ्यायचे, बोटाने चाचपायचे, चांगला असेल तर बाजूला ठेवून म्हणायचे, "पुढचं." वाईट असेल तर फेकून म्हणायचे, "पुढचं." कौतुक आणि शिवी दोन्ही त्यात भागे. घरात काही बिघडलं तर बाहेरच्या माणसाला हात लावू देत नसत. आतल्या खोलीत दुसरा टीव्ही ठेवला तेव्हा त्याची तारही त्यांनी स्वतःच जोडून घेतली, कपाटामागे, भिंतीत चर पाडून. पानामामा बघायला गेला तर दाजी कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

"माझ्या घरात तुझा पाना नको."

"दाजी, नुसता बघतो."

"चित्र दिसतंय ना? मग काय बघायचंय?"

चित्र दिसत होतं. पुढे गल्लीत खरखर आली आणि ती याच घरातून येतेय असं मॅडमनी फोनवर सांगितलं, तेव्हा पानामामाने विचार केला. मेहुण्याशी भांडून बहिणीला अडचणीत आणायचं, की आपली रीत मोडायची? दाजींना बटणाचा बॉक्स नको होताच. "टीव्हीशी बोलायची वेळ अजून आलेली नाही," असं ते म्हणाले होते. पानामामा जिन्याखालच्या तारांच्या पेटीपाशी गेला, दाजींच्या तारेला बूच बसवलं आणि चहा पिऊन घरी आला. गल्ली शांत झाली.

मग दाजींना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. फक्त एक शब्द उरला. डॉक्टरांनी नाव विचारलं तर दाजी म्हणाले, "पुढचं." चहा दिला तरी "पुढचं", उशी सरकवली तरी "पुढचं." ताई म्हणाली, "आधीही यापेक्षा फार बोलत नव्हते." आणि पदराने डोळे पुसले.

हळूहळू पाय थोडा टेकू लागला. हात मात्र मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून असे. व्यायामाच्या बाई येत. त्यांनी भाचीला फोनवर सुचवलं की संध्याकाळी तो प्रश्नांचा कार्यक्रम लागतो, वडिलांना उजव्या अंगठ्याने बटण दाबू द्या, नुसता व्यायाम म्हणून ते कंटाळतात. भाचीने तिकडून बॉक्स मागवला. ऑफिसातून कोणीतरी आला, बॉक्स जोडला, चित्र आलं, गेला. जिन्याखाली वाकून बघायचं त्याला कारणच नव्हतं, आणि बुचाची आठवण पानामामालाही राहिली नव्हती.

आणि युक्ती लागू पडली. दाजी संध्याकाळची वाट बघू लागले. प्रश्न आला की डाव्या हाताने उजवा हात उचलून रिमोटवर ठेवायचे आणि अंगठा दाबायचे. कपाळाला घाम येई. पडद्यावर ‘उत्तर घेतलं’ अशी अक्षरं आली की म्हणायचे, "पुढचं." कार्यक्रमाच्या शेवटी गल्लीगल्लीतून कोणी किती उत्तरं पाठवली आणि त्यांतली किती बरोबर आली, ते नावांपुढे दिसे. बॉक्स मागवतानाच भाचीने ऑफिसात यांचं नाव ‘फोरमन’ असं नोंदवलं होतं. समोरच्या शिंप्याने स्वतःचं ‘सुई’ ठेवलं होतं. सुई रोज दिसायची. फोरमन सगळ्यांत खाली दिसे, नावापुढे भोपळा. चुकीच्या उत्तरांचा नव्हे. उत्तरं पाठवलीच नाहीत, याचा.

शिंपी खिडकीतून ओरडे, "काय फोरमन, आज पण सुट्टी का?"

तो गमतीने म्हणे. दाजींना गंमत वाटत नव्हती. ते आणखी जोर लावून दाबू लागले. मग डाव्या हाताने उजवा अंगठा धरून दाबू लागले. मग एका संध्याकाळी त्यांनी रिमोट मांडीवरून खाली सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

ताईचा फोन आला.

"अरे, यांनी रिमोट टाकला."

"उचलून दे."

"दिला. परत टाकतात. हात घेतात मागे. यांना वाटतंय आपला अंगठाच लागत नाही. बाई म्हणाल्या, आत्ता सोडलं तर हात कायमचा गेला. तू ये बघू."

पानामामा दुपारीच गेला. दाजी खुर्चीत बसले होते, तोंड भिंतीकडे. त्याने आधी रिमोट घेतला, सेल बदलले, बटण अगदी हलकं दाबलं. बॉक्सवरचा बारीक दिवा लुकलुकला. रिमोट ठीक, बॉक्स ठीक. मग त्याने मॅडमना फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"मॅडम, या बॉक्सची हाक तुमच्याकडे येते का?"

जरा वेळाने उत्तर आलं. "बसवल्यापासून एकदाही नाही. पानामामा, त्या तारेला बूच आहे का?"

"आहे."

"कोणी लावलं?"

"मी."

"मग काढा," मॅडम म्हणाल्या.

ताई कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. "म्हणजे हे इतके दिवस दाबत होते आणि तू खाली बूच मारून ठेवलं होतंस?"

"हो."

"आणि वर माझा चहा पिऊन गेलास."

"हो."

तो खाली गेला, बूच काढलं, तार परत आवळली आणि वर आला. टेबलावरचा फोन बोलतच होता.

"बॉक्स दिसला. पण खरखर आली, पानामामा. सगळी गल्ली बुडाली. थांबा, गेली. आली परत. गेली. अशी येते-जाते का ही?"

पानामामाने मान खाली घालून ऐकलं. त्याला काही सुधरेना. सारखी खरखर असती तर जोड शोधणं सोपं. येणारी-जाणारी खरखर म्हणजे डोक्याला ताप.

"आली," फोन म्हणाला. "गेली."

दाजींनी भिंतीकडचं तोंड वळवलं. मान जरा तिरकी केली. आयुष्यभर यंत्रांच्या आवाजात उभा राहिलेला माणूस जसं ऐकतो तसं ते ऐकू लागले. मग त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला, अंगठा ताठ करायचा प्रयत्न केला आणि तो खिडकीकडे वळवला.

"पुढचं," ते म्हणाले.

"काय हवंय? खिडकी लावू?" ताई उठली.

"थांब," पानामामा म्हणाला.

समोर शिंपी मशीन चालवत होता. मोटरवरचं मशीन. घर्र, आणि थांब. फोन म्हणाला, आली. घर्र थांबलं. फोन म्हणाला, गेली.

"मॅडम, मशीनची मोटर आहे समोरची," पानामामा म्हणाला. "आत ठिणग्या उडतात, त्याची खरखर तारेत शिरते. म्हणजे शिंप्याचं उत्तर शिंप्याचीच मोटर बुडवते."

"मोटर गावात हजार असतील. तुमची तार आत का घेते ते बघा."

पानामामाने दाजींकडे पाहिलं. दाजी त्याच्याकडे बघत नव्हते. आतल्या खोलीकडे, कपाटाकडे बघत होते.

तेव्हा पानामामाने खुर्ची ओढली आणि समोर बसला. झटका आल्यापासून दाजींशी सगळे लहान मुलाशी बोलावं तसं बोलत. छान दाबलं हं, शाब्बास हं. पानामामाने तारेतल्या दोन पट्ट्यांच्या दिशा सांगितल्या, फिरता प्रोग्रॅम सांगितला, बॉक्स घेतलं म्हणतो तेव्हा ते फक्त त्याने घेतलेलं असतं हे सांगितलं. खिशातून बूच काढून त्यांच्या डाव्या हातात दिलं. दाजींनी ते बोटाने चाचपलं, आटे बघितले, परत दिलं.

"तुमचा अंगठा रोज पोचत होता," तो म्हणाला. "हलका दाबला तरी दिवा लागतो, बघा. पुढे मी अडवलं होतं. आता मी काढलंय तर तुमचा जोड आडवा येतोय. तो चांगला आहे असं मी म्हणणार नाही, मी अजून बघितलेलाच नाही. तुम्ही बघू कुठे दिलात. कापावा लागेल." त्याने रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. "कापू? हिरवं म्हणजे हो. लाल म्हणजे नाही."

"अरे, काय प्रश्न विचारतोस त्यांना!" ताई म्हणाली.

दाजींनी बराच वेळ घेतला. समोरचं मशीन दोनदा घरघरलं. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून रिमोटवर ठेवला. अंगठा लाल बटणावर गेला, तिथे थांबला, सरकला आणि हिरव्यावर दाबला. दिवा लुकलुकला.

कपाट हलवायला पानामामा आणि ताई दोघं लागले. दाजींची खुर्ची सरकवून त्यांना जवळ आणलं, कारण ते दारातून बघायला तयार नव्हते. चरावरची पट्टी निघाली, चिकटपट्टी सोलली, आणि पानामामा जोडाकडे बघत बसला.

मधली तार दोन्हीकडून जुळवून कथलाचा डाग दिला होता. डाग असा गोल आणि चकचकीत की कारखान्यात नमुना म्हणून ठेवावा. आणि त्याच्या दोन्ही बाजूंची जाळी, तारेभोवती विणलेली असते ती, वीतभर सफाईने कापून टाकलेली.

"जाळी कापलीत," पानामामा म्हणाला.

"पुढचं," दाजी म्हणाले. जरा हळू.

लोखंडातला माणूस जाळीला वेष्टण समजणारच. मधली तार म्हणजे माल, जाळी म्हणजे वेष्टण, वेष्टण सोलून टाकायचं. पण जाळी भिंतीचं काम करते. आतलं आत ठेवते, बाहेरचं बाहेर. वीतभर भिंत पाडली की शेजारची मोटर आत राहायला येते. वरून येणारं चित्र दणकट होतं, त्याला काही झालं नाही, म्हणून दाजींना कधी कळलं नाही.

"डाग सुंदर आहे," पानामामा म्हणाला आणि कापून टाकला.

नवीन कनेक्टर बसवायचे तर तार कोणीतरी घट्ट धरावी लागते, नाहीतर आवळताना फिरते. ताई पुढे आली. पानामामाने तार दाजींच्या उजव्या हातात दिली, अंगठा तिच्यावर ठेवला.

"अरे, त्यांना नाही जमणार," ताई म्हणाली.

"फिरली तर परत करू."

फिरली. परत केली. पुन्हा फिरली. "सुटतेय, दाजी. धरा." दाजींनी डावा हात पुढे केला तर पानामामा म्हणाला, "तो नको. त्याला काय झालंय?" ताईने तोंडावर हात ठेवला आणि खोलीतून निघून गेली. दाजींच्या मानेची शीर वर आली. अंगठ्याचं नख पांढरं पडलं. कनेक्टर बोटांनी बसला, मग पान्याने आणखी किंचित. तार फिरली नाही.

टेबलावरून मॅडम म्हणाल्या, "शांत. मशीन बंद आहे का?"

समोर शिंपी पूर्ण जोरात चालवत होता.

संध्याकाळी कार्यक्रम लागला. पानामामा बसला, पण सवयीने चित्राच्या कडा बघत. दाजींनी प्रत्येक प्रश्नाला अंगठा दाबला. कार्यक्रम संपला, गल्लीची नावं आली. सुई सर्वांत वर. फोरमन खाली, पण या वेळी नावापुढे भोपळा नव्हता. सगळी उत्तरं मिळाली होती. बरोबर मात्र एकच.

शिंपी खिडकीत आला. "काय फोरमन, आज—"

"सुट्टी नाही!" ताई इकडून ओरडली. "चुकले! आज चुकलेत ते!" तिने हे असं सांगितलं की कोणाला वाटावं घरात बक्षीस आलंय.

"पुढचं," दाजी म्हणाले.

पानामामाचा फोन वाजला. मॅडम होत्या. "अहो, तुमचा बॉक्स थांबायलाच तयार नाही. प्रश्न संपले तरी एकामागून एक हाका येताहेत. त्यांना सांगा, एकदा दाबलं की पुरे. जोर लावायची तर काहीच गरज नाही."

पानामामाने वळून पाहिलं. टीव्हीवर दुसरंच काहीतरी लागलं होतं. दाजींचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. उजवा एकटाच रिमोटवर होता. अंगठा खाली जात होता, वर येत होता, आणि बॉक्सवरचा दिवा दर वेळी लुकलुकत होता. नगामागून नग तपासावा तसे ते दिव्याकडे बघत होते.

"सांगतो," पानामामा म्हणाला आणि फोन बंद केला.

सांगितलं काही नाही. बूच खिशात पान्याशेजारी टाकलं, आतल्या खोलीत जाऊन टीव्हीमागे हात घातला, कनेक्टर चाचपला. गच्च होता. मग चपला घातल्या.

"चहा घेऊन जा," ताई म्हणाली.

"आज घेतो," तो म्हणाला आणि बसला.